कूलंटची बाटली भरलेली, रेडिएटर मात्र रिकामा: हेड उघडण्यापूर्वी काय तपासावे?

मुठाकाठ (कर्वेनगर)

नमस्कार.

माझ्याकडे २००८ सालची एक छोटी पेट्रोल गाडी आहे. वडिलांनी ती नवी घेतली होती. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर, २०२३ मध्ये, नोंदणीचे रीतसर नूतनीकरण करून घेतले असून ते २०२८ पर्यंत चालणार आहे, त्यामुळे तोपर्यंत तरी गाडी वापरावी असा घरातल्या सर्वांचा विचार आहे. गेल्या काही महिन्यांपासून मात्र ती घाटात तापते. कर्वे रस्त्यावरच्या कोंडीत किंवा सिंहगड रस्त्याच्या संध्याकाळच्या गर्दीत काटा मध्यावरच राहतो, पंखाही वेळेवर सुरू होतो. पण कात्रजचा जुना घाट एसी लावून चढताना काटा हळूहळू वर सरकतो, आणि परवा साताऱ्याला जाताना खंबाटकीत तो लाल रेषेच्या इतका जवळ गेला की गाडी कडेला घेऊन बॉनेट उघडावे लागले. आत वाफ होती, पण कुठला पाईप फुटलेला दिसला नाही.

विचित्र गोष्ट अशी की कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) प्लॅस्टिकच्या बाटलीतली पातळी कधीच उतरत नाही, उलट ती वरच्या खुणेच्याही किंचित वर असते. सकाळी इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरची कॅप काढून पाहिली, तर आत कूलंट दिसेना. अर्ध्या लिटरच्या आसपास ओतल्यावर ते काठाला आले. गाडीखाली थेंब पडत नाही, इंजिन ऑइल दुधाळ झालेले नाही आणि सायलेन्सरमधून पांढरा धूरही येत नाही.

नेहमीच्या गॅरेजमध्ये सांगण्यात आले की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधले सील) गेले आहे, हेड उतरवून फेस करावे लागेल (त्याचा तळ सपाट करून घ्यावा लागेल) आणि सगळे मिळून तीस हजारांच्या घरात खर्च जाईल. दुसऱ्या एका मिस्त्रींनी थर्मोस्टॅट (इंजिन पुरेसे तापेपर्यंत कूलंटची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला दिला. गाडीची आजची किंमत पाहता एवढे पैसे घालण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्याशा वाटतात. हेड खरोखरच उघडायला हवे आहे का, हे थोडक्या खर्चात कसे ठरवावे? आणि एवढ्या जुन्या गाडीत असे कोणते किरकोळ भाग असतात, की ज्यांच्याकडे सहसा कोणी पाहत नाही आणि जे पुढे मोठे काम काढतात?

---

चिंचवडकर

मी वर्कशॉपमध्ये उभी हयात घालवली आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, ही आपण दिलेली खूण फार मोलाची आहे. हेडबद्दल काहीही ठरवण्यापूर्वी रेडिएटरची कॅप आणि तिच्या बगलेतून बाटलीकडे जाणारी बारीक रबरी नळी या दोन वस्तूंचा निकाल लावा. दोन्ही मिळून तीनशे-चारशे रुपयांच्या पुढे जाणार नाहीत.

बहुतेक लोक या कॅपला नुसते झाकण समजतात. वास्तविक तिच्यात दोन झडपा असतात. इंजिन तापले की कूलंट प्रसरण पावते. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कॅपमधली मोठी स्प्रिंग दबते आणि जादा कूलंट त्या नळीतून बाटलीत जाते. इंजिन थंड झाले की आत पोकळी तयार होते, कॅपच्या मध्यावर असलेली छोटी झडप उघडते आणि तेच कूलंट बाटलीतून परत ओढले जाते. हा परतीचा मार्ग बंद पडला, म्हणजे छोटी झडप गंजून किंवा गाळ साचून चिकटली, किंवा नळीला रेडिएटरच्या मानेपाशी (कॅप बसते त्या तोंडापाशी) बारीक चीर गेली, तर कूलंट बाटलीत जाते पण परत येत नाही. चीर असेल तर त्याच्या जागी हवा ओढली जाते. रोज थोडे थोडे असे होत राहिले की बाटली काठोकाठ आणि रेडिएटर अर्धा रिकामा, अशी स्थिती होते. झडप चिकटली असेल तर आणखी एक खूण मिळते: सकाळी बॉनेट उघडल्यावर रेडिएटरचा वरचा जाड होज चपटा झालेला दिसतो आणि कॅप सैल करताच तो फुगून पूर्ववत होतो.

आता घाटातच त्रास का होतो, ते पाहू. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. कॅपवर ०.९ असा आकडा छापलेला असेल, तर ती वातावरणाच्या दाबावर आणखी ०.९ बार दाब धरून ठेवते आणि साध्या पाण्याचा उत्कलनबिंदूही सुमारे ११८ अंशांवर जातो. कूलंटच्या मिश्रणाचा त्याहून काही अंश अधिक. कॅपचे रबर कडक होऊन दाब धरेनासे झाले, की ही वीस अंशांची सवलत संपते. शहरात इंजिनवर भार कमी असल्याने ते खपून जाते. दुसऱ्या गिअरमध्ये एसी लावून चढण चढताना मात्र एक्झॉस्ट वॉल्व्हच्या आसपासच्या पाणीमार्गात कूलंट जागीच उकळू लागते, वाफेचे कप्पे तयार होतात आणि वाफ धातूची उष्णता द्रवासारखी ओढून नेत नाही. हेड अॅल्युमिनियमचे असते. ते एका बाजूला अधिक तापून वाकले की गॅस्केटची पकड सुटते, आणि मग तीस हजारांचे काम खरोखरच निघते. म्हणून आज गॅस्केट शाबूत असेल तर ते वाचवण्याची हीच वेळ आहे.

काट्यावरही पूर्ण भरवसा ठेवू नये. तापमानाचा सेन्सर कूलंटमध्ये बुडालेला असेल तेवढ्यापुरतेच त्याचे वाचन खरे असते. पातळी त्याच्याही खाली गेली, तर इंजिन भाजत असताना काटा खाली येताना दिसतो आणि चालवणारा निश्चिंत होतो.

हेड गॅस्केटची शंका फेडायची असेल तर पुढीलप्रमाणे करा. सकाळी पूर्ण थंड इंजिनात रेडिएटर काठापर्यंत भरा, कॅप लावा, इंजिन सुरू करा आणि वरचा होज हाताने दाबून पाहा. कूलंट अजून गार असताना, एक-दोन मिनिटांतच होज दगडासारखा कडक झाला, तर ज्वलनाचा वायू पाणीमार्गात शिरतो आहे असा संशय घ्यावा. त्याची खातरजमा रासायनिक चाचणीने होते. रेडिएटरच्या तोंडावर एक काचेची नळी बसवतात, तिच्यात निळा द्रव असतो आणि रेडिएटरमधली हवा त्यातून ओढली जाते. हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा पडतो. ही चाचणी करून देणारी गॅरेजे पुण्यात आहेत आणि खर्च काही शेकड्यांचा आहे. चाचणी न करता हेड उतरवायला सांगणाऱ्याला ती करून दाखवण्याची विनंती करा. गॅस्केट गेलेले असतानाही बाटली भरलेली राहू शकते, कारण ज्वलनाचा वायू कूलंटला बाटलीकडे ढकलतो. म्हणून नुसत्या बाटलीवरून कोणताही निष्कर्ष काढू नये. आणि कॅप गरम इंजिनावर कधीही उघडू नका. हे सर्वांना ठाऊक असते, तरीही भाजलेले हात मी बरेच पाहिले आहेत.

थर्मोस्टॅट काढण्याच्या सल्ल्याबद्दल स्पष्टच लिहितो: तो मानू नका. काढल्यावर इंजिन लवकर तापत नाही, इंजिनाच्या कॉम्प्युटरला ते थंडच वाटत राहते, तो जादा पेट्रोल पाठवत राहतो, आणि ते पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून ऑइलमध्ये मिसळते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅटची खालची चकती बायपासचा मार्ग बंद करण्याचे काम करते. ती नसली की कूलंटचा काही भाग रेडिएटरकडे न जाताच इंजिनात फिरत राहतो, म्हणजे ज्या घाटासाठी तो काढला त्याच घाटात गाडी अधिक तापू शकते. जुना थर्मोस्टॅट भांड्यात पाणी तापवून तपासता येतो. त्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो आणि त्या सुमारास तो उघडू लागला पाहिजे. नवा बसवताना त्यावरची हलती पिन वरच्या बाजूला येऊ द्या, नाहीतर मागे हवा कोंडून राहते.

---

नाना पेठ

चिंचवडकर काकांनी सगळे नीट सांगितले आहे. माझे सुट्या भागांचे दुकान आहे, म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने थोडी भर घालतो.

रेडिएटर कॅप मागायला येणाऱ्यांपैकी बहुतेक जण जुनी कॅप आणतच नाहीत. गाडीचे नाव सांगतात आणि "कुठलीही द्या" म्हणतात. कॅप दिसायला सारखी असली तरी दोन बाबतींत फरक पडतो. एक म्हणजे तिच्यावर छापलेला दाब. ०.९ च्या जागी १.१ ची कॅप बसते, पण जुन्या रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीला तो जादा दाब सोसेलच असे नाही. दुसरी गोष्ट म्हणजे मानेची खोली. स्प्रिंगचा दांडा आखूड असला तर खालची रबरी चकती बैठकीवर टेकतच नाही; कॅप वरून घट्ट बसल्यासारखी वाटते आणि दाब मात्र शून्य. जुनी कॅप सोबत आणा, दोन्ही शेजारी धरून उंची जुळवा आणि मधली छोटी झडप नखाने उचलून सोडून पाहा. ती अलगद परत बसली पाहिजे. नकली मालात हीच झडप अडकते.

होजच्या क्लिपांबद्दलही सांगतो. कंपनीने बसवलेली स्प्रिंगची क्लिप रबर फुगले किंवा आकसले तरी सारखा ताण ठेवते. ती काढायला विशिष्ट पकड लागते, म्हणून गॅरेजमध्ये ती फेकून स्क्रूची क्लिप लावतात, गरजेपेक्षा जास्त आवळतात आणि पट्टीच्या खाचा रबरात रुतून होज तिथेच चिरतो. जुनी स्प्रिंग क्लिप चांगली असेल तर तीच परत लावायला सांगा.

आणि एक वस्तू अशी आहे की तिच्यात काटकसर अजिबात करू नये: पेट्रोलची रबरी नळी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या रबराची घडण त्यासाठी झालेली नाही. नळी वाकवल्यावर बारीक तडे दिसले किंवा हाताला चिकट लागली, तर त्याच दिवशी बदला. इंजेक्शनच्या गाडीला 'एसएई जे३० आर९' असे छापलेली नळी मागा. तिचे आतले अस्तर इथेनॉल आणि दाब दोन्ही सोसते. साधी नळी तिच्यापेक्षा बरीच स्वस्त मिळते आणि गरम इंजिनाजवळ पेट्रोल फवारते.

सुटे भाग मिळण्याची चिंता छोट्या गाड्यांच्या मालकांनी फारशी करू नये. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी तिच्या कॅप, होज, बूट, सील या वस्तू आमच्या पेठेत आजही मागताक्षणी मिळतात. अडचण येते ती कमी खपलेल्या आयात गाड्यांची.

---

औंधकर

मूळ प्रश्नाचा दुसरा भाग दुर्लक्षित भागांचा आहे, म्हणून विजेच्या बाजूचा एक अनुभव लिहिते. आमच्या जुन्या डिझेल सेडानचा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) पावसाळ्यात रडतखडत फिरू लागला. गॅरेजने आधी बॅटरी बदलली, नंतर सेल्फ उतरवून दुरुस्तीला दिला, आणि तरीही सकाळी तेच रडगाणे. सेल्फ मारताना क्लचच्या केबलपाशी जळका वास येतो, हे माझ्या लक्षात आले आणि तेव्हा खरा दोष सापडला. गिअरबॉक्स आणि बॉडी यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची अर्थिंगची पट्टी बोल्टाखाली पूर्ण हिरवी पडली होती. सेल्फला लागणारा प्रवाह बॅटरीकडे परत जाण्यासाठी वाट शोधत होता आणि ती वाट त्याला क्लचच्या केबलमधून सापडली होती. केबलचे प्लॅस्टिकचे अस्तर वितळून आतली तार चिकटू लागली होती. महिनाभर तसेच चालले असते तर भर रस्त्यात क्लच गेला असता.

यामागचे गणित साधे आहे. सेल्फ १५० अँपिअर प्रवाह घेतो असे धरले आणि गंजलेल्या सांध्यात केवळ ०.०२ ओहम रोध असला, तरी ३ व्होल्ट त्या सांध्यातच खर्ची पडतात. नवी बॅटरी घातली तरी सेल्फच्या वाट्याला नऊ व्होल्टसुद्धा धड येत नाहीत. एवढा बारीक रोध साध्या मल्टिमीटरने ओहमवर मोजता येत नाही, म्हणून व्होल्टवर मोजावा: एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, म्हणजे वरच्या टर्मिनलच्या पट्टीवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खांबावर, दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि दुसऱ्या कोणालातरी सेल्फ मारायला सांगावे. वाचन पाव व्होल्टच्या आत असेल तर अर्थिंग ठीक आहे. एक-दोन व्होल्ट दिसले तर बॅटरी आणि सेल्फ दोघेही निर्दोष असण्याची शक्यता आहे. पट्टी बदलताना तिच्या बैठकीचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून चकचकीत धातू उघडा करावा आणि बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीसचा हात फिरवावा. नुसती नवी पट्टी रंगावर आवळली तर काहीच साध्य होत नाही.

---

सदाशिवी

वरील सर्व माहिती उत्तम आहे, परंतु एका गोष्टीबाबत माझे मत वेगळे आहे. भाग स्वस्त असणे आणि काम स्वस्त असणे या भिन्न बाबी आहेत. क्रँकशाफ्टच्या मागच्या बाजूचे ऑइल सील काही शेकड्यांत मिळते, पण तिथे पोहोचण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो आणि मजुरी सीलच्या कित्येक पटींनी होते. अशा ठिकाणी "किरकोळ भाग आहे, बदलून टाका" असे सांगणे मालकाची दिशाभूल ठरेल. ते सील क्लच प्लेट बदलण्याची वेळ येईल तेव्हा त्याच मजुरीत बदलावे आणि तोवर ऑइलची पातळी पाहत राहावी.

याच सीलच्या बाबतीत आणखी एक नमूद करतो, कारण तो प्रकार मी वारंवार पाहिला आहे. जुन्या इंजिनातून ऑइल पाझरू लागले की एकामागून एक सील बदलली जातात आणि काही महिन्यांत सगळी पुन्हा पाझरतात. दोष पुष्कळदा पीसीव्ही वॉल्व्हचा असतो. पिस्टनच्या रिंगांमधून थोडा वायू नेहमीच खाली ऑइलच्या भागात उतरतो. तो इनटेककडे (इंजिनात हवा शिरते त्या वाटेकडे) परत नेण्यासाठी हा बोटाएवढा वॉल्व्ह असतो. ऑइलच्या चिखलाने तो बुजला की आतला दाब वाढतो आणि जिथे सील दुबळे असेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. बऱ्याच गाड्यांत वॉल्व्ह काढून कानाशी हलवला की आतली पिन खुळखुळते. ती खुळखुळत नसेल तर आधी वॉल्व्ह बदलावा आणि मगच सीलकडे वळावे.

दुसरे असे की असे धागे वाचून लोक अंदाजाने भाग बदलत सुटतात. मुठाकाठ यांच्या गाडीचा पंखा वेळेवर सुरू होतो असे त्यांनी स्वतः लिहिले आहे, तेव्हा पंख्याचा स्विच आणि रिले यांना हात लावण्याचे कारण नाही. आधी चाचणी, मग खरेदी, असा क्रम ठेवावा. आणि ज्या गॅरेजने हेडचे नाव घेतले त्यांच्यावर लगेच संशय घेऊ नये. तापलेल्या गाड्यांपैकी बऱ्याच त्यांच्यापर्यंत येतात तेव्हा हेड खरोखरच गेलेले असते.

---

सासवड रस्ता

माझे उदाहरण थोडक्यात. जुनी कार्ब्युरेटरची गाडी हडपसरहून निघाली की दिवे घाटाच्या चढणीवर धापा टाकून बंद पडायची आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू व्हायची. पेट्रोलचा पंप बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, गुण आला नाही. शेवटी बंद पडल्यावर टाकीचे झाकण उघडले तर हवा आत ओढल्याचा मोठा 'फस्स' असा आवाज आला आणि गाडी तत्काळ सुरू झाली. मूळ झाकण हरवल्यामुळे जुन्या बाजारातून घेतलेले दुसरे झाकण बसवले होते आणि त्याला हवेचे छिद्रच नव्हते. पेट्रोल जसजसे संपे तसतशी टाकीत पोकळी वाढे, आणि पंपाला पुढे ओढता येईनासे होई.

---

प्रभात रस्ता

आमच्या भागात झाडांखाली गाडी लावण्याचे सुख आहे आणि त्याचाच हा प्रकार आहे. पर्जन्यवृक्षाची आणि गुलमोहराची बारीक पाने वायपरखालच्या जाळीतून आत जातात आणि तिथल्या पन्हाळीच्या दोन्ही टोकांना असलेली निचऱ्याची रबरी तोंडे बुजवतात. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की पन्हाळ भरते आणि पाणी ब्लोअरच्या वाटेने डाव्या सीटच्या पायाशी उतरते. वरचा गालिचा कोरडा दिसतो, त्याखालचा जाड नमदा मात्र भिजलेला राहतो. ज्या गाड्यांत इंजिनाचा कॉम्प्युटर किंवा वायरिंगचे जोड त्याच बाजूला बसवलेले आहेत, तिथे पिना हिरव्या पडून असे विचित्र दोष निघतात की इलेक्ट्रिशियनही चक्रावतात. मे महिन्यात जाळी उघडून पाने काढावीत आणि तांब्याभर पाणी ओतून ते दोन्ही चाकांच्या मागून पडते का ते पाहावे. खर्च काहीच नाही.

---

मुठाकाठ (कर्वेनगर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे तपासण्या करून घेतल्या, त्याचा वृत्तांत देतो.

सकाळी थंड इंजिनात होजची चाचणी केली. इंजिन सुरू केल्यावर बराच वेळ होज मऊच राहिला आणि कूलंट तापेल तसा सावकाश ताठ झाला. त्यानंतर निळ्या द्रवाची चाचणी दुसऱ्या गॅरेजमध्ये करून घेतली. रंग निळाच राहिला. म्हणजे हेड गॅस्केट तूर्त तरी शाबूत आहे.

रेडिएटरच्या दुकानात हातपंपाच्या यंत्रावर कॅप लावली, तेव्हा तिच्यावर ०.९ छापलेले असूनही काटा ०.३ च्या पुढे जाईना. खालची रबरी चकती कडक झाली होती आणि तिच्यावर मानेच्या कडेचा खोल वळ उमटला होता. बाटलीकडे जाणारी नळी वरून धडधाकट दिसत होती, पण मानेपासून ओढून काढल्यावर क्लिपेखाली तिला उभी चीर गेलेली आढळली. नाना पेठेत जुनी कॅप घेऊन गेलो आणि उंची जुळवून नवी आणली, नळीही बदलली. थर्मोस्टॅटचे घर उघडले तेव्हा आत थर्मोस्टॅटच नव्हता. तो कोणी आणि कधी काढला हे घरात कोणालाच माहीत नाही. ८२ अंशांचा नवा बसवला, पिन वर ठेवली. सगळा खर्च, मजुरी धरून, दोन हजारांच्या आत झाला.

त्यानंतर कात्रजचा जुना घाट एसी लावून चढलो, काटा मध्यावरून हलला नाही. बाटलीतली पातळी आता गरम असताना वर जाते आणि सकाळी खाली येते. मात्र आठवडाभरात एक नवीन गोष्ट दिसू लागली आहे. इंजिनाच्या पट्ट्याच्या बाजूला, खालच्या अंगाला, हिरवट पांढरा सुकलेला ओघळ दिसतो आणि बाटलीतली सकाळची पातळी किंचित उतरली आहे. नव्या कॅपमुळे दुसरे काही बिघडले का?

---

चिंचवडकर

कॅपमुळे काही बिघडलेले नाही. कित्येक महिने यंत्रणेत दाबच नव्हता, तो आता पुन्हा येऊ लागल्यामुळे जो सांधा आधीच दुबळा झाला होता तो उघडा पडला. जुन्या गाडीत चांगली कॅप बसवल्यावर असे पुष्कळदा होते.

वर्णनावरून हा वॉटर पंप आहे. पंपाच्या शाफ्टच्या खाली एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील पाझरू लागले की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी त्या छिद्रातून बाहेर यावे, हा त्याचा हेतू. टॉर्च लावून ओघळ त्या छिद्रापासूनच सुरू होतो का ते पाहा. तसे असेल तर छिद्रात सीलंट भरून ते बंद करण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका, कारण मग कूलंट बेअरिंगमध्ये जाईल आणि पंप जाम होईल.

या आकाराच्या बऱ्याच इंजिनांत पंप टायमिंग बेल्टच्या आवरणामागे असतो आणि बेल्ट उतरवल्याशिवाय निघत नाही. आपल्या गाडीत तसे असेल, तर सदाशिवी यांचा मजुरीचा मुद्दा येथे तंतोतंत लागू होतो. बेल्ट शेवटचा कधी बदलला याची नोंद आहे का? नसेल तर पंपासोबत बेल्ट, टेन्शनर (बेल्टचा ताण राखणारी चाकी) आणि त्याच बाजूची कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्टची ऑइल सील एकदमच बदलून घ्या. टेन्शनर "हाताला गुळगुळीत लागतो" म्हणून जुनाच ठेवण्याची पद्धत आहे, ती स्वीकारू नका. त्याचे बेअरिंग अडकले तर नवा बेल्टही तुटतो, आणि ज्या इंजिनांत बेल्ट तुटल्यावर पिस्टन वॉल्व्हला जाऊन धडकतात, त्यांत हेड उतरवण्यावाचून पर्याय राहत नाही. तोपर्यंत शहरात गाडी चालवायला हरकत नाही, रोज सकाळी पातळी पाहावी आणि कूलंटमध्ये नळाचे पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर घालावे. खंबाटकीला पंप बदलल्यानंतरच जा.

---

मुठाकाठ (कर्वेनगर)

ओघळ त्या छिद्रापासूनच आहे, टॉर्च लावून पाहिले. वडिलांच्या फाईलमध्ये बेल्टची शेवटची पावती २०१६ ची आहे. शनिवारी गाडी देतो आहे. पंप, बेल्ट, टेन्शनर आणि दोन्ही सील अशी यादी नाना पेठेत दिली आहे.